अखंड प्रवाह रसायननिर्मिती

विक्रियेत भाग घेणारी द्रव्ये एका टोकाने सतत आत सोडावयाची, वाटेतील नळीत अथवा पात्रात त्यांची विक्रिया घडू द्यावयाची आणि तयार झालेला पदार्थ दुसऱ्या टोकाने सतत बाहेर काढावयाचा, या पद्धतीस अखंड प्रवाह रसायननिर्मिती म्हणतात. याउलट सर्व द्रव्ये एका मोठ्या पात्रात भरून, ती ढवळून, तापवून वा थंड करून, विक्रिया पुरी झाल्यावर पात्र रिकामे करणे व धुऊन पुन्हा भरणे, ही घाणा पद्धती होय. तळणाच्या कढईत एकेक घाणा काढतात, तसाच हा प्रकार असल्याने हे नाव रूढ झाले आहे. रसायनांचा उद्योग जितका जुना तितकीच घाणा पद्धती जुनी असून रंजकद्रव्ये, औषधी द्रव्ये, कीटकनाशके, सुगंधी द्रव्ये इ. कमी प्रमाणात लागणारे पण मौल्यवान पदार्थ आजही बहुतांशी तिनेच बनवितात. सल्फ्यूरिक अम्ल, अमोनिया, पेट्रोल, एथिलीन यांसारखे लक्षावधी टनांनी लागणारे पदार्थ मात्र दीर्घ काळापासून अखंड पद्धतीने बनत आले आहेत. या दुसऱ्या पद्धतीचा पहिल्या वर्गातील पदार्थांसाठी लहान प्रमाणावर उपयोग करणे, हा विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आलेला विचार असून कमी कचरा, कमी ऊर्जा व कमी धोका ही उद्दिष्टे त्यामागे आहेत.

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास पाहण्यास ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील पट्ट्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या या चिंचोळ्या भूभागात प्रचंड अखंड संयंत्रे व लहान घाणा कारखाने शेजारी शेजारी उभे राहिले, त्यांपैकी काही अस्तंगत झाले आणि त्यांचे सांडपाणी एकाच खाडीने स्वीकारले.

प्रारंभीचा इतिहास : अखंड निर्मितीची पहिली पावले कोणी ठरवून टाकलेली नव्हती. जॉन रोबक यांनी १७४६ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे शिशाच्या कोठ्यांत सल्फ्यूरिक अम्ल बनविण्यास सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक कोठी भरणे, गंधक जाळणे व कोठी उघडणे असा क्रम होता. पुढे कोठ्यांतून वायू सतत खेळता ठेवण्यात आला आणि गे-ल्युसॅक व ग्लोव्हर यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्यांमुळे वाया जाणारी नायट्रोजनाची ऑक्साइडे परत वापरता येऊ लागली. यांतील ग्लोव्हर मनोरा १८५९ चा आहे. येथेच अखंड पद्धतीचा एक गुण प्रथम दिसला. तो म्हणजे प्रवाह चालू असला म्हणजे एका टोकाला उरलेला पदार्थ वा उष्णता दुसऱ्या टोकाला उपयोगी आणता येते. घाण्यात हे सहजासहजी जमत नाही, कारण एका घाण्याची उष्णता दुसरा घाणा भरेपर्यंत निघून गेलेली असते.

बेल्जियमचे एर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेली सोड्याची पद्धती ही अखंड निर्मितीची पहिली सर्वांगपूर्ण उदाहरण मानावी लागेल. उंच मनोऱ्यात वरून अमोनियायुक्त मिठाचे पाणी खाली उतरते, खालून कार्बन डाय-ऑक्साइड वर चढतो आणि तळाशी सोडियम बायकार्बोनेट सतत जमा होते. ही विक्रिया सॉल्व्हे यांच्या आधी अनेकांना ठाऊक होती. तिच्यापायी काहींनी पैसाही गमावला होता. सॉल्व्हे यांचे श्रेय विक्रियेत नसून मनोऱ्यात आहे, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या इतिहासात पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. सौराष्ट्रातील मिठापूर येथील सोड्याचा कारखाना याच पद्धतीवर उभा आहे.

फ्रिट्स हाबर यांनी १९०९ मध्ये कार्लझ्रूए येथे अमोनियाच्या संश्लेषणाचे जे प्रात्यक्षिक दाखविले ते टेबलावर मावणारे असले, तरी त्यात वायू बंद वर्तुळात सतत फिरत होता. एका फेरीत थोडाच अमोनिया बनतो. तो थंड करून वेगळा काढावयाचा आणि उरलेला वायू पुन्हा उत्प्रेरकावरून (विक्रियेत स्वतः खर्च न होता तिची गती वाढविणाऱ्या पदार्थावरून) सोडावयाचा, अशी ती योजना होती. कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊ येथे तिचे रूपांतर कारखान्यात केले. खनिज तेलाच्या उद्योगातही हाच क्रम दिसतो. बर्टन यांची १९१३ मधील भंजनाची (मोठ्या रेणूंचे तुकडे करण्याची) पद्धती घाण्याची होती. प्रत्येक भट्टी थंड करून आतील कोळसा खरवडावा लागे. १९४२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या द्रायित (वायूच्या झोताने द्रवासारख्या वाहत्या केलेल्या) उत्प्रेरकाच्या भंजन पद्धतीत उत्प्रेरकसुद्धा वाहू लागला.

या सर्व उदाहरणांवरून अखंड म्हणजे अवाढव्य, असे समीकरण अभियंत्यांच्या मनात रुजले. दिवसरात्र चालणारे, एकच पदार्थ बनविणारे व मोठे भांडवल गिळणारे संयंत्र असेल तरच अखंड पद्धती परवडते आणि रंगाच्या वा औषधाच्या कारखान्याने घाण्यावरच समाधान मानावे, अशी शिकवण रासायनिक अभियांत्रिकीच्या वर्गांत कित्येक पिढ्या दिली गेली. तिला छेद देणारे एक उदाहरण मात्र फार पूर्वीच उपलब्ध होते. नायट्रोग्लिसरीन या अतिशय स्फोटक द्रवाचे उत्पादन एकोणिसाव्या शतकात मोठ्या पात्रात घाण्याघाण्याने होत असे. तापमान थोडे वाढले तरी सर्व घाणा उडण्याची भीती असल्याने स्कॉटलंडमधील आर्डीर येथील नोबेल यांच्या कारखान्यात तापमापकावर नजर ठेवणाऱ्या कामगारास एकच पाय असलेल्या तिवईवर बसवीत. डुलकी लागली की तो पडून जागा होई. १९३० च्या सुमारास श्मिड व त्यानंतर बियाझी यांनी अखंड पद्धती आणल्या आणि पुढे स्वीडनमध्ये दोन द्रव झोताच्या ओढीने क्षणात मिसळणारे साधन तयार झाले. विक्रियापात्रात एका वेळी असलेले सु. १ टन द्रव्य सु. १ किग्रॅ. वर आले आणि दोन तासांची विक्रिया दोन मिनिटांत पुरी होऊ लागली. उत्पादन तेवढेच राहिले, तिवई गेली.

ठाणे–बेलापूर पट्टा : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्यानंतर लवकरच ठाणे खाडीपलीकडील औद्योगिक क्षेत्राची आखणी सुरू झाली. ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली ही तेव्हा आगरी व कोळी वस्तीची गावे होती. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी ही त्यांची उपजीविकेची साधने. मुंबई बेटावर रासायनिक कारखान्यांना जागा उरली नव्हती. पलीकडे ट्रॉम्बे येथे १९५४ व १९५५ मध्ये सुरू झालेले दोन तेल शुद्धीकरण कारखाने होते आणि त्यांतून निघणाऱ्या नॅप्थ्याला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. नॅप्था, खाडीचा काठ व मुंबईची बाजारपेठ या तिन्हींच्या संगमावर भारतातील खनिज तेल रसायनांचा उद्योग जन्मास आला.

त्यातील मुख्य संस्था म्हणजे शेल कंपनीच्या सहकार्याने मफतलाल उद्योगसमूहाने उभारलेली नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज (नोसिल) ही होय. ट्रॉम्बे येथील एक लहान संयंत्र १९६६ मध्ये सुरू झाले होते. त्यानंतर १९६८ मध्ये ठाणे–बेलापूर रस्त्यालगत नोसिलचे नॅप्था भंजन संयंत्र कार्यान्वित झाले. वाफेत मिसळलेला नॅप्था ८००° से. हून अधिक तापलेल्या नळ्यांतून एका सेकंदाहूनही कमी काळात जातो आणि एथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाइन इ. वायू बनून बाहेर पडतो. हा वायू तत्काळ थंड केला नाही, तर नळ्यांत कोळसा साचतो. म्हणजे विक्रियेस किती वेळ द्यावयाचा, हे येथे घड्याळाने न ठरता नळीच्या लांबीने व प्रवाहाच्या वेगाने ठरते. अखंड प्रवाहाचे मर्म तेच आहे. नोसिलच्या एथिलिनापासून पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज ही शेजारची संस्था हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या तंत्राने उच्च घनतेचे पॉलिएथिलीन बनवीत असे. घरोघरी आलेल्या प्लॅस्टिकच्या बादल्या व घागरी यांचा उगम या रस्त्याच्या कडेला होता. त्याच पट्ट्यात हर्डिलिया केमिकल्समध्ये क्यूमिनाचे हवेने ऑक्सिडीकरण करून फिनॉल व ॲसिटोन ही दोन रसायने एकाच प्रवाहातून मिळवीत.

या मोठ्या संस्थांच्या भोवती आणि मागील टेकड्यांच्या पायथ्याशी रंजकद्रव्ये, मध्यस्थ पदार्थ (अंतिम पदार्थ बनविण्यासाठी लागणारी मधली रसायने), औषधी द्रव्ये व रबरास लागणारी रसायने बनविणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यांचे मुख्य साधन काचेचे अस्तर दिलेले लोखंडी पात्र हे होते. या पात्रात आज एक पदार्थ, पुढल्या महिन्यात दुसरा, असे करता येई. मागणी बदलली तर पात्र धुतले की झाले. लहान भांडवलाच्या उद्योजकास ही सोय अमूल्य होती व आजही आहे. तिची किंमत मात्र दुसरीकडे मोजली जात होती. ॲझो वर्गातील रंगांसाठी करावे लागणारे डायॲझोटीकरण ०° ते ५° से. तापमानातच करता येते, म्हणून पात्रात बर्फ टाकीत. बर्फाचे पाणी झाले की विद्राव पातळ होई आणि तेवढे अधिक पाणी रंग गाळून घेतल्यावर नाल्यात जाई. दर घाण्यानंतरचे धुण्याचे पाणी वेगळेच. नायट्रीकरणात आम्ल थेंबथेंब सोडावे लागे, कारण मोठ्या पात्राच्या मध्यभागी निर्माण झालेली उष्णता भिंतीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. जी विक्रिया रेणूंच्या दृष्टीने काही सेकंदांची, ती केवळ थंड करण्याच्या मर्यादेमुळे आठ-दहा तास लांबे.

महाराष्ट्रात जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा १९६९ मध्ये झाला व प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये अस्तित्वात आले; केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ चा आहे. कायदे कारखान्यांच्या मागोमाग आले आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र त्याहून उशिरा आले. मधल्या काळात खाडीतील मासळी घटली व काठावरील कोळ्यांपैकी पुष्कळांना जाळी ठेवून द्यावी लागली. प्रक्रिया केंद्र सांडपाणी शुद्ध करते. ते मुळात कमी निर्माण व्हावे यासाठी कारखान्याच्या आतील पद्धतीच बदलावी लागते, हा विचार तेव्हा क्वचितच कोणी मांडत असे.

अखंड संयंत्रांचे भवितव्यही सुखाचे ठरले नाही. एथिलिनाच्या निर्मितीत संयंत्र जितके मोठे तितका दर टनामागे खर्च कमी. १९७८ मध्ये बडोदे येथे व त्यानंतर नागोठणे, हजीरा इ. ठिकाणी अधिक क्षमतेची संयंत्रे निघाली. १९९१ नंतर आयातीवरील कर उतरले आणि १९६८ चे नोसिल संयंत्र स्पर्धेत टिकेना. नव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे काम थांबले. संस्था स्वतः रबर-रसायनांच्या उत्पादनावर तगून राहिली. पट्ट्यातील कित्येक रासायनिक कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असून ऐरोली आज त्यांच्यासाठीच अधिक ओळखली जाते. अवाढव्यतेवर विसंबलेली अखंडता अधिक अवाढव्य प्रतिस्पर्ध्यापुढे हरते, एवढाच या घटनेचा अर्थ आहे. अखंड पद्धतीचा तो पराभव नव्हे.

धोका व साठा : १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे सायक्लोहेक्झेनाच्या ऑक्सिडीकरणाच्या संयंत्रात स्फोट होऊन २८ माणसे दगावली. हे संयंत्र अखंड पद्धतीचेच होते. परंतु एका फेरीत फारच थोड्या द्रव्याची विक्रिया होत असल्याने प्रचंड प्रमाणात तप्त व ज्वालाग्राही द्रव सतत फिरवावा लागत होता. अखंड पद्धती आपोआप सुरक्षित असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवणे इष्ट आहे. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश रासायनिक अभियंत्यांनी यातून जो निष्कर्ष काढला तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला : धोकादायक द्रव्य सांभाळण्याच्या युक्त्या वाढविण्यापेक्षा ते कारखान्यात कमीत कमी असेल अशी रचना करावी, जे नाही ते गळणार नाही. त्याच सुमारास कॉलिन रॅमशॉ व त्यांचे सहकारी इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये संयंत्रांचे आकारमान अनेक पटींनी घटविण्याचे प्रयोग करीत होते.

या विचाराची कसोटी भारतात लागली. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेटाच्या ज्या टाकीतून विषारी वायू सुटला तीत हे द्रव्य सु. ४० टन होते. मिथिल आयसोसायनेट हा विकण्याचा पदार्थ नव्हता. कार्बारिल या कीटकनाशकाच्या वाटेवरील तो मध्यस्थ पदार्थ होता. तो साठविण्याची गरज विक्रियेस नव्हती. एक टप्पा बंद असताना दुसरा चालू राहावा, एवढ्या सोयीसाठी तो साठविला जात होता. ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये टेक्ससमधील ला पोर्ट येथे हेच द्रव्य लागेल तेवढेच बनवून तत्काळ पुढील विक्रियेत खर्ची घालण्याची पद्धती सुरू केली. तीत टनांनी साठा करावा लागत नाही. भारतात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, कारखाने कायद्यातील १९८७ ची दुरुस्ती आणि घातक रसायनांच्या साठवणीसंबंधीचे १९८९ चे नियम हे भोपाळचे परिणाम होत. या नियमांत साठ्याच्या मर्यादा आहेत. साठा करावाच लागू नये अशी निर्मिती मात्र नियमांतून येत नाही. ती प्रयोगशाळेतून येते.

तत्त्व : नळी लहान केली की काय बदलते, हे साध्या गणिताने समजते. नळीच्या भिंतीचे पृष्ठफळ व आतील घनफळ यांचे गुणोत्तर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. २ मी. व्यासाच्या पात्रात दर घ. मी. द्रवामागे सु. २ चौ. मी. भिंत असते, १ मिमी. व्यासाच्या नळीत ती ४,००० चौ. मी. होते. उष्णता भिंतीतूनच बाहेर जात असल्याने मोठ्या पात्रात भडकणारी विक्रिया बारीक नळीत शांतपणे चालते. मिसळण्याचेही तसेच आहे. विसरणाने (रेणूंच्या आपोआप पसरण्याने) दोन द्रव एकजीव होण्यास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर दहापट कमी केले तर काळ शंभरपट कमी होतो. विक्रियेचा काळ प्रवाहाच्या वेगाने ठरविता येतो आणि पदार्थ बनताच तो पुढे सरकत असल्याने नको असलेल्या दुय्यम विक्रियांना अवसर मिळत नाही. दाब वाढवून विद्रावक त्याच्या उकळबिंदूपेक्षा पुष्कळ अधिक तापमानास द्रव ठेवता येतो, त्यामुळे मंद विक्रियाही वेगवान होतात.

उत्पादनाच्या प्रमाणाविषयी गैरसमज आढळतो. दर मिनिटास १०० मिलि. प्रवाह ही पाण्याच्या नळाच्या बारीक धारेएवढी गोष्ट आहे. ती अहोरात्र चालली तर दिवसाला १४४ लि. आणि वर्षातील ३३० दिवसांत सु. ४७,५०० लि. विद्राव बाहेर पडतो. विक्रियेचा काळ २ मिनिटे धरला तर एका वेळी नळीत फक्त २०० मिलि. द्रव असतो. अपघात झालाच तर तो एवढ्याच द्रवाचा. अधिक उत्पादन हवे असल्यास मोठे पात्र न बांधता नळ्यांची संख्या वाढवितात किंवा प्रवाह अधिक काळ चालू ठेवतात. यामुळे प्रयोगशाळेतील कृती कारखान्यात नेताना होणारा घोटाळा बराच टळतो.

आधुनिक विकास : १९९० नंतरच्या दशकात जर्मनीतील माइन्त्स व कार्लझ्रूए येथील संस्थांनी धातू, काच व सिलिकॉन यांत केसाएवढे मार्ग कोरून सूक्ष्म विक्रियापात्रे बनविली. पुढे अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने काचेच्या जोड पट्ट्यांत हृदयाच्या आकाराच्या कोठ्यांची मालिका असलेली पात्रे बाजारात आणली. केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले आणि मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये क्लाव्हस येन्सन यांच्या गटांनी अनेक टप्प्यांची संश्लेषणे एकाच प्रवाहात ओवून दाखविली. २०१२ मध्ये पोट्सडॅम येथे पीटर झीबर्गर व सहकाऱ्यांनी मलेरियावरील आर्टेमिसिनीन हे द्रव्य दिव्याभोवती गुंडाळलेल्या पारदर्शक नळीत प्रकाश व ऑक्सिजन यांच्या साहाय्याने बनविले. मोठ्या पात्रात प्रकाश आतपर्यंत पोहोचतच नाही. बारीक नळीत तो सर्वत्र पोहोचतो.

याच काळात हरित रसायनशास्त्राला स्वरूप आले. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये दर किग्रॅ. उत्पादनामागे किती किग्रॅ. कचरा होतो हे मोजण्याची रीत सुचविली. तिच्यानुसार मोठ्या प्रमाणावरील रसायनांत हा आकडा १ ते ५ च्या आसपास, सूक्ष्म रसायनांत ५ ते ५० आणि औषधी द्रव्यांत २५ ते १०० किंवा अधिक भरला. पाणी यात धरलेले नव्हते. धुराड्यांमुळे ज्यांना दोष दिला जाई ते अवाढव्य कारखाने उत्पादनाच्या मानाने सर्वांत स्वच्छ आणि पांढऱ्या गोळीचा कारखाना सर्वांत कचरेखोर, हा निष्कर्ष पुष्कळांना अनपेक्षित होता. ठाणे–बेलापूर रस्त्यावरून अनेक वर्षे ये-जा करणाऱ्यास मात्र त्याची कल्पना वासावरूनच येऊ शकली असती. पॉल ॲनॅस्टास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या बारा तत्त्वांत कचरा मुळातच होऊ न देणे, विक्रिया चालू असताना तिचे मापन करणे आणि अपघाताची शक्यताच कमी करणे यांचा समावेश आहे. ही तिन्ही अखंड प्रवाहात घाण्यापेक्षा सहज साधतात.

औषधांच्या उद्योगात नियमनाचा अडसर मोठा होता, कारण ‘एक घाणा’ हाच तेथे गुणवत्तेचा एकक मानला गेला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अखंड पद्धतीने बनविलेल्या गोळ्यांस प्रथम मान्यता दिली आणि २०१६ मध्ये एका औषधास घाण्यावरून अखंड पद्धतीवर येण्याची परवानगी दिली. ही दोन्ही उदाहरणे गोळ्या बनविण्याची आहेत, त्यांतील रसायनाच्या संश्लेषणाची नव्हेत, हा भेद वृत्तांतून अनेकदा सुटतो. अखंड निर्मितीसंबंधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली.

भारतात या विषयाचा पाया महाराष्ट्रातील दोन संस्थांनी घातला. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग १९३३ मध्ये सुरू झाला (२००८ पासून तो रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने स्वायत्त आहे) आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन १९५० मध्ये झाले. पहिल्या संस्थेतील एम. एम. शर्मा व दुसरीतील एल. के. दोराईस्वामी यांनी मिळून लिहिलेला विषमांगी (वायू, द्रव व घन यांच्यात परस्पर घडणाऱ्या) विक्रियांवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन न मिसळणाऱ्या द्रवांच्या सीमेवर विक्रिया किती वेगाने होते, हा त्यातील प्रश्न नळीतील नायट्रीकरणाचाही मूलभूत प्रश्न आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांच्या गटाने लहान नळ्यांतील अखंड नायट्रीकरण, ॲझो रंगांची निर्मिती, चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचे अखंड संश्लेषण इ. विषयांवर काम केले असून त्यांना २०२० चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक अभियांत्रिकी विज्ञानासाठी मिळाले. डायॲझोटीकरण व पुढील संयोग ही दोन्ही अखंड प्रवाहात लागोपाठ केल्यास अस्थिर डायॲझोनियम लवण साठत नाही आणि विद्रावात बर्फ टाकावा लागत नाही. नळीबाहेरून फिरणारे थंड पाणी पुरते. ज्या कारखान्यांनी ठाणे खाडीत रंगीत पाणी सोडले त्यांच्या दृष्टीने यापेक्षा थेट उपयोगाचे संशोधन सांगता येणार नाही.

मर्यादा : अखंड प्रवाह हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे. विक्रियेत साका (घन अवक्षेप) बनू लागला की बारीक नळी तुंबते. रंगांच्या बाबतीत हाच प्रश्न नेहमी उभा राहतो आणि त्यासाठी श्राव्यातीत कंपने, एकामागून एक ठेवलेली ढवळती लहान पात्रे किंवा न मिसळणाऱ्या द्रवाचे तुटक थेंब असे उपाय योजतात. मुळातच मंद असलेल्या विक्रियेला नळीचा विशेष फायदा नाही. नळी तुंबू नये म्हणून विद्राव पातळ ठेवला तर विद्रावक अधिक लागतो आणि हरितपणाचा हिशेब उलटतो. पुष्कळ प्रसिद्ध प्रयोगांत हा हिशेब दिलेला नसतो, म्हणून त्यांचे दावे जपूनच स्वीकारले पाहिजेत. अम्लांना टिकणारे अचूक पंप महाग असतात. वर्षाला काही टनच माल बनविणाऱ्या आणि दर हंगामात पदार्थ बदलणाऱ्या उद्योजकाकडे घाण्याची पात्रे आधीच उभी असतात, त्यांचे कर्जही फिटलेले असते; नवी यंत्रणा घेण्यास त्याला स्वच्छ खाडी हे कारण पुरत नाही, वाचलेले विद्रावक व वाढलेला उतारा दाखवावा लागतो.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये झालेल्या प्राणघातक स्फोटांनंतर रासायनिक कारखाने वस्तीपासून दूर नेण्याची मागणी पुन्हा झाली. ठाणे–बेलापूर पट्ट्यातही कारखान्याच्या भिंतीला लागून निवासी वसाहती आहेत आणि कारखाने आधी आले की वस्ती, हा वाद निष्फळ आहे, कारण ऐरोली गाव दोहोंच्या आधीपासून होते. खाडीचा काही भाग ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये तो रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र ठरला. ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथून होडीने पक्षी पाहण्यास जाता येते. अशा जागी टनांनी घातक द्रव्य भरलेली पात्रे ठेवण्यापेक्षा लिटरभर द्रव असलेली नळी ठेवणे श्रेयस्कर, हे मान्य करण्यास रसायनशास्त्राची गरज नाही. सध्या व्यवहारात मिश्र मांडणी अधिक आढळते : नायट्रीकरण, डायॲझोटीकरण, हायड्रोजनीकरण यांसारखा धोक्याचा एखादा टप्पा नळीत करतात आणि त्याच्या मागचे-पुढचे टप्पे, गाळणे व वाळविणे ही कामे पूर्वीच्याच पात्रांत घाण्याघाण्याने चालू ठेवतात.